साडेतीनशे रुपयांचे अँथुरियम: चौदा महिन्यांचा हिशेब

गेल्या वर्षीच्या जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन पाहून झाल्यावर आम्ही वाकडी वाट करून सोलापूर रस्त्याला लागलो आणि हडपसरच्या पुढे एका रोपवाटिकेतून लाल फुलांचे अँथुरियम साडेतीनशे रुपयांना घेतले. हा अभिप्राय त्या रोपाबद्दल, त्याच्यासोबत तोंडी मिळालेल्या सल्ल्याबद्दल आणि पुढे ऑनलाइन मागवलेल्या, कुंडीत मातीऐवजी भरायच्या ‘ॲरॉइड मिक्स’ नावाच्या मिश्रणाच्या पिशवीबद्दल आहे. विक्रेत्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण ज्या खोटीबद्दल तक्रार करणार आहे ती मी नंतर पाहिलेल्या चार-पाच रोपवाटिकांतही तशीच आढळली. थोडक्यात मत असे, की रोप उत्तम होते, ते ज्यात लावले होते ते वाईट होते, सल्ला त्याहून वाईट होता, आणि मिश्रणाची पिशवी पहिल्यांदा पैसे वसूल करणारी व दुसऱ्यांदा निराश करणारी निघाली.

आधी चांगले ते सांगते. रोप पाच इंची प्लास्टिकच्या कुंडीत होते, सात पाने आणि तीन फुले होती, देठ ताठ होते आणि पाने उलटी करून पाहिली तरी कीड दिसली नाही. आपण ज्याला फूल म्हणतो तो लाल, लाखेचा हात दिल्यासारखा चकचकीत भाग म्हणजे खरे तर एक बदललेले पान असते. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला महाछद म्हणतात, आणि खरी फुले मधल्या पिवळट कणसावर दाटीने बसलेली, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी असतात. महाछद हे पानच असल्यामुळे ते पाकळीसारखे दोन दिवसांत गळत नाही. माझ्या रोपावरचे पहिले फूल पावणेदोन महिने टिकले आणि मग हळूहळू हिरवट होत गेले. हा हिरवेपणा रोग नसून म्हातारपण आहे. तो दिसला की देठ बुडापासून कापून टाकावा. साडेतीनशे रुपयांत एवढे दिवस टिकणारी शोभा जरबेराच्या गुच्छातून मिळत नाही, त्यामुळे निव्वळ फुलांच्या हिशेबाने पाहिले तरी खरेदी तोट्याची झाली नाही.

आता सल्ला. पैसे देताना मी निगेबद्दल विचारले तेव्हा रोपवाटिकेतल्या गृहस्थांनी एका दमात सांगितले, “ताई, नाजूक झाड आहे. रोज थोडं थोडं पाणी घाला, ऊन अजिबात दाखवू नका, आणि महिन्याला मूठभर शेणखत.” मी अक्षरशः तसेच केले. कुंडी दिवाणखान्यातल्या उत्तरेच्या खिडकीपासून सहा-सात फुटांवर ठेवली, रोज सकाळी चहाच्या कपाने पाणी घातले आणि फेब्रुवारीअखेर शेणखतही घातले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खालचे एक पान पिवळे पडले, मग दुसरे, आणि उरलेली पाने दुपारी मान टाकू लागली. पाने मलूल दिसली की माणूस पाणी वाढवतो, आणि मीही वाढवले. इथेच या रोपाला सांभाळणारे बहुतेक लोक फसत असावेत, कारण मुळे कुजलेले रोप आणि तहानलेले रोप वरून अगदी सारखे दिसते. मुळेच उरली नाहीत तर कुंडीत पाणी असूनही ते पानापर्यंत पोहोचत नाही. फरक ओळखण्याची खूण वर नसून खाली आहे. कुंडी उचलून पाहावी, ती जड असूनही पाने लोंबत असतील तर पाण्याचा तांब्या खाली ठेवावा.

एका रविवारी वर्तमानपत्र पसरून मी रोप कुंडीतून काढले. बाहेर जो गोळा आला तो वरचा इंचभर सोडला तर पिळून काढता येईल इतका ओला होता, आणि त्याला ओल्या गोणपाटाचा, बंद पडलेल्या मोरीचा असतो तसा वास येत होता. बाहेरून लाल माती आणि शेणखत, आत बारीक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि त्याच्याही गाभ्यात, वाटीएवढ्या जागेत, कापडासारख्या पातळ वेष्टनात गुंडाळलेला रोपाचा मूळचा गट्टू तसाच होता. ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर), म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली रोपे लहानपणी अशा गट्टूंत वाढवतात. मोठ्या कुंडीत हलवताना ते वेष्टन कापायला हवे होते, ते कुणी कापलेले नव्हते. त्या वेष्टनाच्या आतले एक मूळ मी चिमटीत धरून हलकेच ओढले तर वरची तपकिरी साल मोज्यासारखी निसटून बोटांत आली आणि आतला बारीक दोरा तेवढा लटकत राहिला. जिवंत मूळ असे सोलले जात नाही; ते पांढरट, टणक आणि शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखे करकरीत असते. सतरा-अठरा मुळांपैकी अशी पाच उरली होती.

हे असे का झाले ते समजून घ्यायचे तर रोप मुळात कुठले आहे ते पाहावे लागते. बाजारात मिळणारी फुलांची अँथुरियम ज्या जातीपासून निपजली, ती कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांतल्या अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारांवरच्या ओल्या जंगलांत वाढते. फ्रेंच वनस्पतिसंग्राहक एदुआर आंद्रे यांना ती 1876 साली कोलंबियात सापडली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. तिथे ही झाडे बऱ्याचदा दुसऱ्या झाडांच्या खोडांवर किंवा जमिनीवरच्या पालापाचोळ्याच्या सैल थरात मुळे पसरतात. पाऊस भरपूर, पण पाणी मुळांपाशी थांबत नाही. मुळांना ओल हवी असते आणि तितकीच हवाही. पुढे 1889 च्या सुमारास ती लंडनमार्गे हवाई बेटांवर गेली आणि तिथल्या बागाईतदारांनी ती ज्वालामुखीच्या सच्छिद्र खड्यांत आणि वृक्षनेच्यांच्या (झाडाएवढ्या वाढणाऱ्या फर्नच्या) धाग्यांत वाढवली. सांगायचा मुद्दा एवढाच, की आपल्या गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या कुंडीतली माती या मुळांनी जन्मात पाहिलेली नसते, आणि त्यात शेणखत मिसळणे म्हणजे उरलीसुरली हवेची जागाही लिंपून टाकणे होय. रोप नाजूक आहे हे मला आता पटत नाही. गुदमरलेले रोप नाजूक दिसते.

मग ‘ॲरॉइड मिक्स’ची पाच लिटरची पिशवी मागवली, जिची किंमत घरपोच साडेचारशे रुपये, म्हणजे रोपापेक्षा शंभर रुपये जास्त पडली. (ॲरॉइड म्हणजे अळू-सुरणाच्या कुळातल्या वनस्पती. अळवावरचे पाणी हा वाक्प्रचार आपल्याला ज्या कुळाने दिला त्याच कुळातले हे रोप आहे, आणि अळूसारखेच ते चावले तर घशाला खाज सुटते. घरात रांगते मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.) पहिल्या पिशवीत नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे, झाडाच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा आणि परलाइट नावाचे पांढरे हलके दाणे होते. प्रमाण कुठेही छापलेले नव्हते, हा पहिला दोष. मी सगळे मिश्रण रव्याच्या चाळणीतून काढले तेव्हा पाच लिटरमधून जेमतेम दीड वाटी भुगा निघाला, ही गोष्ट विक्रेत्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. सोडणाचे तुकडे मात्र न धुतलेले होते. रात्रभर भिजवल्यावर पाणी कोऱ्या चहासारखे झाले आणि तीन वेळा बदलल्यावर फिके पडले. सोडणात मूळचेच क्षार असतात, त्यामुळे ‘थेट वापरा’ ही पिशवीवरची सूचना पाळू नये असे मी म्हणेन.

जुलैमध्ये दुसऱ्या रोपासाठी हीच पिशवी पुन्हा मागवली, आणि या वेळी निम्म्याहून अधिक बारीक कोकोपीट, नावापुरता कोळसा आणि गांडूळखताची ढेकळे निघाली. किंमत तीच, छायाचित्र तेच. छायाचित्रे पाठवून तक्रार केल्यावर चार दिवसांनी उत्तर आले की मिश्रण ‘हंगामानुसार’ बदलते, आणि अर्धे पैसे परत मिळाले. उत्तर सभ्य होते, पण पावसाळ्यात, जेव्हा हवा आधीच दमट असते आणि कुंडी दिवसेंदिवस सुकत नाही, तेव्हा मिश्रण अधिक मोकळे करायचे सोडून अधिक घट्ट करण्यामागचा तर्क मला कळलेला नाही. त्यानंतर मी पिशवी घेतलेली नाही. नारळवाल्याकडची सोडणे मागून आणली, कोयत्याने तुकडे केले, बादलीत दोन आठवडे पाणी बदलत भिजवली. इस्त्रीवाल्याकडून किलोभर लाकडी कोळसा घेऊन हातोडीने फोडला. आणि इमारतीच्या मागे पडलेल्या विटांचे हरभऱ्यापासून बोरापर्यंतच्या आकाराचे रोडे करून धुऊन घेतले. दोन वाट्या सोडण, एक वाटी कोळसा, एक वाटी विटा आणि ओल धरायला मूठभर धुतलेले कोकोपीट, एवढ्यावर रोप पिशवीतल्या मिश्रणाइतकेच चांगले चालले आहे. खर्च साठ रुपये आला. कष्ट मात्र पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्याकडे कोयता चालवायला गच्ची नाही त्यांनी पहिल्या पिशवीसारखा माल मिळत असेल तर साडेचारशे रुपये द्यायला हरकत नाही.

पुन्हा लावताना केलेल्या गोष्टी सांगते, कारण पाच मुळांवर आलेले रोपही वाचते. कात्री स्पिरिटने पुसून कुजलेली सगळी मुळे कापली, उरलेली वाहत्या पाण्याखाली धुतली, गट्टूचे वेष्टन कापून काढले आणि रोप तासभर सावलीत उघडे ठेवले. फुले कापून टाकली. जीव कासावीस झाला, पण पाच मुळांना तीन फुले पोसवत नाहीत. कुंडी आधीच्याहून लहान, बाजूंना भोके असलेली ऑर्किडची घेतली, कारण मोठ्या कुंडीतले जादा मिश्रण उगीच ओले राहते. खोड जिथून पाने फुटतात तो भाग मिश्रणाच्या वर राहील असे लावले. दोन आठवडे वरून पारदर्शक पिशवी सैलसर घातली, रोज थोडा वेळ काढली, आणि पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, पण घातले की खालून वाहीपर्यंत घातले. एप्रिलच्या अखेरीस तांबूस रंगाचे, गुंडाळलेल्या विड्यासारखे नवे पान वर आले.

फूल मात्र आले नाही, जूनपर्यंत आले नाही, आणि त्याचे कारण सल्ल्यातले दुसरे वाक्य होते. अँथुरियमला कडक ऊन सोसत नाही हे खरे. हरितगृहांत ते सत्तर-ऐंशी टक्के सावली देणाऱ्या जाळीखाली वाढवतात. पण बाहेरच्या उन्हाची वीस-तीस टक्के राहिलेली तिरीप आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला काळोख यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वयात आलेल्या रोपात प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक फूल यायचे असते, त्यामुळे पाने किती येतात यावर फुले किती येणार ते ठरते, आणि उजेड अपुरा असेल तर पान येते पण त्याच्या बेचक्यातली कळी तिथेच जिरते. देठ लांबलचक आणि पान लहान, गडद हिरवे होत चालले की रोप उजेड शोधते आहे असे समजावे. मी कुंडी पूर्वेच्या खिडकीत, पातळ सुती पडद्याच्या मागे, काचेपासून हातभर अंतरावर हलवली. ऑगस्टमध्ये फूल आले, आणि त्यानंतर तीन आली. चांगल्या स्थितीत वर्षाकाठी सहा-आठ पाने आणि तितकीच फुले अपेक्षित धरावीत. ‘बारमाही बहर’ या पाटीचा अर्थ इतकाच आहे. उलट बाजूही पाहिली आहे: एकदा पडदा सरकलेला राहिला आणि एका सकाळीत एका पानावर पापडासारखा वाळलेला फिकट डाग पडला, जो अजूनही आहे.

पाण्याच्या प्रमाणापेक्षा पाण्याच्या जातीने मला अधिक छळले. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते, बहुधा बोअरचे, आणि त्याने पातेल्याच्या तळाशी जसा पांढरा थर बसतो तसाच कुंडीच्या कडेलाही बसला. पाठोपाठ पानांची टोके तपकिरी, कोरडी होऊ लागली. पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडांना घालावे असे हल्ली सगळे सांगतात. जास्वंद ते पचवत असेल, पण त्या पाण्यात क्षार मूळच्यापेक्षा जास्त एकवटलेले असतात आणि अँथुरियमला ते घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे. जूनमध्ये गच्चीवर बादल्या लावून पावसाचे पाणी साठवले, त्यात कुंडी तीनदा निथळून काढली, आणि पुढची पाने स्वच्छ टोकांची आली. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी महिन्यातून एकदा मिळेल त्यातल्या त्यात गोड्या पाण्याने कुंडी भरपूर धुवावी. पानांवर रोज फवारा मारण्याचा मात्र उपयोग नाही. दहा मिनिटांत पान सुकते, हवेतली आर्द्रता होती तिथेच येते, आणि पानावर रेंगाळणारे पाणी रोगाला वाट करून देते.

रोगाचा अनुभव माझ्या घरी आला नाही, पण आमच्याच इमारतीतल्या एका काकूंच्या अँथुरियमच्या कडांना पावसाळ्यात तेलकट, पाणी मुरल्यासारखे डाग पडले, त्यांच्याभोवती पिवळी कड आली आणि मग ते डाग काळपट होत आत सरकले. हा जिवाणूजन्य करपा असावा. तो पानाच्या काठावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, जिथून पहाटे पाण्याचे थेंब बाहेर येतात, तिथूनच आत शिरतो, आणि खोडात उतरला की घरगुती उपाय चालत नाही. काकूंना दुकानातून ‘कसल्याही करप्यावर’ म्हणून तांबेयुक्त पूड देण्यात आली होती. तांबे अँथुरियमला मानवत नाही, आणि फवारणीनंतर निरोगी पानेही भाजल्यासारखी झाली. आम्ही रोप कुंडीसकट टाकून दिले आणि कात्री स्पिरिटमध्ये बुडवून ठेवली. किडींचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. पिठ्या ढेकूण देठांच्या बेचक्यांत कापसासारखा दिसतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावा. फुलावर फिकट ओरखडे दिसले तर फुलकिडे आणि पानामागे बारीक जाळी दिसली तर कोळी नावाची बारीक कीड समजावी. दोन्हींवर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी, पानांच्या मागून फवारावे. फुलांवर नको, डाग पडतात.

खताबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शेणखत बंद केले, 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या मानाने पंधरा दिवसांतून एकदा देते, आणि डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पुण्यातल्या रात्री या रोपाला नकोशा वाटाव्या इतक्या गार होतात, तेव्हा तेही देत नाही.

तर हिशेब असा: रोप साडेतीनशे, मिश्रण साडेचारशे, भोकांची कुंडी एकशे वीस. छापील किमतीपेक्षा रोप अडीचपटीहून महाग पडले, आणि खरेदी करताना कुणी हे सांगितले असते तरी मी घेतले असते. माझी तक्रार किमतीबद्दल नाही, ती ओल्या चिखलात गाडून वर रोज पाणी घालायला सांगण्याबद्दल आहे.

या जानेवारीत त्याच रोपवाटिकेत पुन्हा गेले, केशरी फुलांचे रोप निवडले आणि पैसे देण्याआधी कुंडी उलटी करून गोळा तळहातावर घेतला. ते गृहस्थ जरा वैतागले. “असं कुणी काढून बघत नाही, ताई,” म्हणाले. मुळे तपकिरी होती, आणि एक ओढून दाखवल्यावर त्याची साल माझ्या बोटांत आली. त्यांनी काही न बोलता ती कुंडी बाजूला ठेवली, मागच्या ओळीतून दुसरी आणली आणि या वेळी स्वतःच उलटी करून दाखवली. तिची मुळे पांढरी होती, तीच घेतली.